आडवं गेलेलं मांजर आता मेंदूत शिरलंय

रील पंचेचाळीस सेकंदांचं आहे. एक गुबगुबीत पिवळं मांजर, त्याखाली लाल अक्षरांत ‘तुमचं मांजर तुमचा मेंदू चालवतंय’, मागे भुताच्या सिनेमातलं संगीत. मग एक मुलगा गंभीर चेहऱ्याने सांगायला लागतो. मांजराच्या शीमधून एक परजीवी तुमच्या डोक्यात शिरतो, तिथे कायमचा मुक्काम ठोकतो आणि हळूहळू तुम्ही बेफिकीर होता, भांडखोर होता, गाडी ठोकता, शेवटी वेडे होता. ‘सायंटिस्ट लोकांनी प्रूव्ह केलंय.’ शेवटी मांजर कॅमेऱ्याकडे बघून डोळे बारीक करतं.

माझ्याकडे दोन मांजरं आहेत, त्यामुळे हे रील मला आठवड्याभरात चार जणांनी पाठवलं. चारही वेळा मी हसण्याचा इमोजी टाकून मोकळी झाले. पाचव्यांदा ते घरच्या ग्रुपवर आलं. मावशीने टाकलं होतं, माझ्या मावसबहिणीला उद्देशून. बहीण नऊ आठवड्यांची गरोदर होती. तिच्या टॉर्च टेस्टचा रिपोर्ट आला होता, त्यात टॉक्सोप्लाझ्माच्या पुढे ‘पॉझिटिव्ह’ छापलेलं होतं. रीलखाली सासूबाईंचा अंगठा होता, दिराचा अंगठा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दीर घरातलं सहा वर्षांचं मांजर गोणपाटात घालून मंडईच्या मागे सोडून आला.

‘ताई, माझ्या डोक्यात खरंच काही असेल का गं? मी हल्ली फार चिडते,’ असं तिने मला रात्री विचारलं. नवव्या आठवड्यात दिवसातून चार वेळा ओकणारी बाई चिडते, याला परजीवी लागत नाही. पण मी तिला चटकन एवढंही सांगू शकले नाही, कारण मलाही पक्कं माहीत नव्हतं. त्यानंतर मी जे वाचलं, ते वाचून माझा रागच वाढला. तो राग इथे मांडतेय.

आधी त्या परजीवीचं जे आहे ते. टॉक्सोप्लाझ्मा गोंडी हा एकपेशीय जीव १९०८ साली ट्युनिसमध्ये शार्ल निकोल आणि लुई मांसो यांना गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात सापडला. नाव देताना गुंडीचं गोंडी झालं आणि ती चूक कायम राहिली. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये तो सशातही सापडला. या सगळ्यात मांजर कुठेच नव्हतं. मांजराचा भाग उलगडायला पुढची साठेक वर्षं गेली. १९७०च्या सुमारास स्पष्ट झालं, की या जीवाचं लैंगिक प्रजनन फक्त मांजरकुळातल्या प्राण्यांच्या आतड्यात होतं. तिथून त्याची अंडीवजा बीजं विष्ठेतून बाहेर पडतात, मातीत आणि पाण्यात मिसळतात, आणि उंदीर, शेळी, डुक्कर, कोंबडी, माणूस, कोणाच्याही पोटात जाऊ शकतात. पोटात गेल्यावर तो अंगभर पसरतो. प्रतिकारशक्तीने दाबला की स्नायूंत आणि मेंदूत बारीक गाठी करून पडून राहतो, बहुतेक वेळा आयुष्यभर. जगातल्या साधारण एक तृतीयांश माणसांमध्ये तो असावा असा अंदाज नेहमी दिला जातो. म्हणजे तुमच्या लोकलच्या डब्यातल्या कित्येक जणांच्या अंगात तो आहे, आणि त्यातल्या बहुतेकांनी मांजर पाळलेलं नाही.

आता ती प्रसिद्ध उंदराची गोष्ट. ती खोटी नाही, म्हणून तर इतकी पसरली. २००० साली ऑक्सफर्डच्या मॅन्युएल बर्डॉय, जोॲन वेबस्टर आणि डेव्हिड मॅकडोनाल्ड यांनी उंदरांना एका आवारात सोडलं. एका कोपऱ्यात त्यांचा स्वतःचा वास, एकात साधं पाणी, एकात सशाचं मूत्र, एकात मांजराचं मूत्र. निरोगी उंदीर मांजराच्या कोपऱ्याला टाळतो. पिढ्यान्‌पिढ्या प्रयोगशाळेत वाढलेला, मांजर कधी न पाहिलेला उंदीरही टाळतो, इतकं ते रक्तात भिनलेलं आहे. टॉक्सोप्लाझ्मा झालेल्या उंदरांनी ते टाळणं सोडलं, काहींना तर तो कोपरा आवडायला लागला. परजीवीला मांजराच्या पोटात पोहोचायचंय, म्हणून तो उंदराची भीती पुसतो. गोष्ट इतकी गोळीबंद आहे की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. २००७ मध्ये अजय व्यास, रॉबर्ट सापोल्स्की आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बाधित उंदीर बाकी सगळ्या बाबतींत ठीक वागतात, भीती फक्त मांजराचीच जाते. म्हणजे परजीवी जणू सर्जनसारखा नेमकी एकच तार कापतो.

इथपर्यंतची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पुढची बहुधा ऐकली नसेल, कारण पुढच्या गोष्टीवर रील बनत नाही. २०२० साली जिनीव्हातल्या एका गटाने उंदरांवर पुन्हा बारकाईने प्रयोग केले. त्यांना दिसलं, की बाधित उंदरांची भीती एकूणच कमी होते, ते सगळीकडेच जास्त हुंदडतात, आणि त्यात मांजरांना काही खास स्थान नाही. शिवाय मेंदूत गाठी जितक्या जास्त, तितका वागण्यातला बदल जास्त, आणि या गाठींवरून मेंदूला किती सूज येऊन गेली असेल याचा अंदाज येतो. सर्जनची ती नेमकी सुरी या निकालात फारशी उरत नाही. दिसतो तो मेंदूला आलेल्या सुजेने थोडा बधिर झालेला प्राणी. हा वाद अजून मिटलेला नाही आणि मी तो मिटवणारी कोणी नाही. केनियातल्या मसाई मारामध्ये बाधित तरस-पिल्लं सिंहांच्या जास्त जवळ जातात, असं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. अशा गोष्टी वाचताना मलाही थरार वाटतो. पण हा सगळा वाद उंदराच्या आणि तरसाच्या भीतीचा आहे. त्यातून ‘तुमचं मांजर तुमचा मेंदू चालवतंय’पर्यंत कसं पोहोचायचं?

ती उडी मारणाऱ्यांत सगळ्यात ठळक नाव प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातल्या यारोस्लाव्ह फ्लेगर यांचं. ते स्वतः बाधित आहेत. आपण भरधाव वाहतुकीतून बेदरकार रस्ता ओलांडतो, हॉर्न वाजला तरी दचकत नाही, हे डोक्यातल्या परजीवीमुळे तर नसेल, अशी शंका त्यांना स्वतःबद्दलच आली. माणूस म्हणून मला ते आवडतात. शास्त्रात स्वतःपासून सुरुवात करण्यातही गैर काही नाही. पण आपल्याला जे हवं आहे तेच दिसण्याचा धोका तिथूनच सुरू होतो. (पुण्यात तर अख्खं शहर हॉर्नला दचकत नाही. काय करायचं?)

फ्लेगर यांचा २००२चा अभ्यास सगळीकडे सांगितला जातो. प्रागमध्ये रस्ते अपघातांत सापडलेल्या १४६ जणांची तुलना त्याच भागातल्या ४४६ सर्वसामान्य लोकांशी केली, तर बाधितांमध्ये अपघाताची शक्यता २.६५ पट निघाली. आकडा ऐकायला भारी आहे. पण १४६ हे शीत आहे, आणि शितावरून भाताची परीक्षा करायची तर आधी शितं एकाच भातातली आहेत याची खात्री हवी. अर्धकच्चं मांस आवडीने खाणारा, मातीत हात घालणारा, हात न धुता जेवणारा माणूस बाधित होण्याची शक्यता जास्त. तोच माणूस गाडीही बेफिकीर चालवत असेल तर? परजीवीने त्याला बेफिकीर केलं, की बेफिकीर होता म्हणून परजीवी लागला? रक्ताच्या एका नमुन्यातून हे कळत नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, एवढंच कळतं.

फ्लेगर यांच्याच व्यक्तिमत्त्व-चाचण्यांत बाधित पुरुष जास्त संशयी, मत्सरी आणि नियम धुडकावणारे निघाले, तर बाधित बायका जास्त प्रेमळ आणि मनमोकळ्या. एकच परजीवी, एकच मेंदू, आणि निकाल मात्र घराघरातल्या जुन्या समजुतींना शोभेल असा वाटून दिलेला. २०१४ साली त्यांना आणि सहकाऱ्यांना इग-नोबेल मिळालं, मांजर पाळणं मनाला घातक आहे का हे तपासल्याबद्दल. इग-नोबेल हा आधी हसवणारा आणि मग विचार करायला लावणारा पुरस्कार आहे. पसरवणाऱ्यांनी हसणं गाळलं आणि विचारही.

आता न्यूझीलंडमधल्या ड्यूनेडिन शहरात चला. १९७२-७३ मध्ये तिथे जन्मलेल्या मुलांचा एक गट संशोधक जन्मापासून तपासत आलेत. हा गट कोणी रुग्णालयातून वेचलेला नाही, एका गावाची अख्खी पिढी आहे. त्यातल्या ८३७ जणांचं रक्त तपासलं, २८ टक्के बाधित निघाले. मग त्यांची मानसिक आजारांची नोंद, आवेगावरचा ताबा, व्यक्तिमत्त्व, स्मरणशक्ती, इतकंच काय, गाडी चालवतानाचे गुन्हे आणि अपघातांचे विम्याचे दावेही पाहिले. २०१६ मध्ये निष्कर्ष छापून आला : बाधित आणि अबाधित यांच्यात म्हणण्यासारखा फरक जवळपास नाही. ब्रिटनमध्ये १९९१-९२च्या आसपास जन्मलेल्या सुमारे ५ हजार मुलांचा अभ्यास २०१७ मध्ये आला. आई गरोदर असताना किंवा मूल लहान असताना घरात मांजर असण्याचा आणि पुढे किशोरवयात भास होण्याचा संबंध आहे का? बाकी घटकांचा हिशेब केल्यावर संबंध उरला नाही. हे दोन अभ्यास तुम्हाला कोणी फॉरवर्ड केलेत? मला कोणी नाही.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. स्किझोफ्रेनिया असलेल्या लोकांच्या रक्तात या परजीवीच्या खुणा जास्त सापडतात, हे बऱ्याच अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. तो धागा सोडून देण्यासारखा नाही, त्यावर काम व्हायलाच हवं. पण ‘जास्त सापडतात’ आणि ‘त्यामुळे होतो’ यांमध्ये जी दरी आहे ती अजून कोणी ओलांडलेली नाही. आणि ‘जगातल्या एक तृतीयांश लोकांत हा असतो’ हे वाक्य एकदा मान्य केलं, की त्यातला प्रचंड मोठा भाग साधं, धड आयुष्य जगतोय हेही मान्य करावं लागतं.

मूळ तर्कच पाहा. उंदराची भीती घालवून परजीवीला फायदा आहे, कारण उंदराला मांजर खातं. तुम्हाला कोण खाणार आहे? आपण त्याच्यासाठी बोळ आहोत, पुढे रस्ता नाही. तुम्हाला ‘चालवून’ त्याला जायचंय कुठे? मेंदूतल्या सुजेचा माणसावर काही किरकोळ परिणाम होत असेलही. पण परिणाम वेगळा आणि स्टिअरिंग हातात घेणं वेगळं.

तरीही ही गोष्ट मरत नाही. २०१२ मध्ये ‘द अटलांटिक’ने ‘तुमचं मांजर तुम्हाला वेडं कसं करतंय’ अशा अर्थाच्या मथळ्याने मोठा लेख छापला, तेव्हापासून ती दर दोन वर्षांनी नवे कपडे घालून येते. २०१८ मध्ये अमेरिकेत सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांची लाळ तपासली, तर बाधित विद्यार्थी बिझनेस शिकत असण्याची शक्यता १.४ पट निघाली. लगेच बातम्या : मांजराचा परजीवी तुम्हाला उद्योजक बनवतो! म्हणजे तोच किडा तुम्हाला वेडही लावणार आणि स्टार्टअपही काढून देणार. एवढं तर आपले ज्योतिषीसुद्धा एका ग्रहाकडून करून घेत नाहीत.

मला वाटतं, ही गोष्ट आपल्याला आवडते कारण ती सोयीची आहे. मी चिडले, मी गाडी ठोकली, मी नोकरी सोडली, यामागे मी नव्हते, तो होता. पण सोय सगळ्यांना सारखी मिळत नाही. पुरुषाला बेदरकार साहसी म्हणून सूट मिळते, बाईला मिळतो संशय. इंग्रजीत ‘वेडी मांजरवाली बाई’ हा विनोद जुना आहे. अमेरिकेचे आताचे उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी २०२१ मध्ये देश मूल नसलेल्या मांजरवाल्या बायका चालवतायत अशी टर उडवली होती. परजीवीच्या रीलने त्या विनोदाला पांढरा कोट घातला. आपल्याकडे तर जमीन तयारच होती. मांजर आडवं गेलं तर तीन पावलं मागे जाणारी, ‘मांजराचा केस पोटात गेला तर...’ असं म्हणत गरोदर बाईच्या मांडीवरून मांजर उचलून फेकणारी घरं आपण पाहिलीत. त्या घरांतल्या शिकलेल्या मुलांना आडवं जाणं मानायची लाज वाटते. टॉक्सोप्लाझ्मा मानायची वाटत नाही. फळ तेच, गोणपाट.

आणि या गोंगाटात खरा धोका ऐकूच येत नाही, माझा सगळ्यात मोठा राग यावर आहे. कारण टॉक्सोप्लाझ्मा खरंच घातक ठरू शकतो. बाईला आयुष्यात पहिल्यांदा त्याची लागण गरोदरपणातच झाली, तर तो वारेतून बाळापर्यंत पोहोचू शकतो, बाळाच्या डोळ्यांचं आणि मेंदूचं नुकसान करू शकतो. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती ढासळलेल्या माणसात दबून राहिलेला परजीवी उठतो आणि मेंदूज्वर होतो, तो जीव घेऊ शकतो. २००४-०५ मध्ये कोइमतूरमध्ये एकाच डोळ्यांच्या रुग्णालयात टॉक्सोप्लाझ्माने डोळ्याला इजा झालेले २४८ रुग्ण आले. संशय कशावर होता? शहराला पाणी पुरवणाऱ्या स्रोतावर. २४८ माणसांच्या दृष्टीचा प्रश्न होता आणि तो नळातून आला असावा. यावर मी अजून एकही रील पाहिलेलं नाही. पाणीपुरवठ्याला शेपटी आणि मिशा नसतात ना.

युरोपातल्या सहा शहरांत गरोदर बायकांमधल्या नव्या लागणीचा माग काढला, तो अभ्यास २००० साली आला. ३० ते ६३ टक्के लागण अर्धकच्च्या मांसामुळे, ६ ते १७ टक्के मातीमुळे. मांजराशी संपर्क हा धोक्याचा घटक निघालाच नाही. त्याआधी १९६५ मध्ये पॅरिसमधल्या क्षयरुग्ण मुलांच्या आरोग्यधामातली एक माहिती प्रसिद्ध झाली होती, आज वाचताना पोटात कालवतं. मुलांच्या आहारात जेमतेम शिजवलेलं गोमांस किंवा घोड्याचं मांस वाढवल्यावर लागणीचा वार्षिक दर १० वरून ५० टक्क्यांवर गेला, आणि तसेच कोवळ्या मेंढीचे चॉप्स दिल्यावर १०० टक्क्यांवर. एकाही मुलाच्या पलंगावर मांजर नव्हतं. आपण मटण शिट्ट्यांवर शिट्ट्या देऊन शिजवतो, त्यामुळे आपल्याकडे मातीचा, पाण्याचा आणि न धुतलेल्या कोथिंबिरीचा विचार जास्त करायला हवा.

मांजराचा धोका शून्य आहे असं मी म्हणत नाही. पण तो मोजता येतो आणि आटोक्यात ठेवता येतो. मांजर साधारणपणे पहिल्यांदा बाधित झाल्यावर एक ते तीन आठवडेच बीजं टाकतं. ती बीजं ताज्या शीमध्ये लागण करू शकत नाहीत, त्यांना तयार व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणून वाळूचा ट्रे रोज साफ करायचा. घरात गरोदर बाई असेल तर ते काम दिराने करायचं. (गोणपाट बांधता येतं, तर ट्रे धुताही येतो.) मांजराला कच्चं मांस द्यायचं नाही. बागेत मातीकाम हातमोजे घालून करायचं. झालं.

आता तो रिपोर्ट. मी बहिणीकडून त्याचा फोटो मागवला. आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह. पहिल्या तीन महिन्यांत असं आलं तर त्याचा सरळ अर्थ सहसा असा, की लागण जुनी आहे, गरोदर राहण्याच्या आधीची, आणि शरीराने तिच्याविरुद्ध तयारी केलेली आहे. अशा बाईच्या बाळाला धोका जवळजवळ नसतो. काळजी घ्यायची असते ती दोन्ही निगेटिव्ह आलेल्या बाईने. म्हणजे घरात पेढे वाटावेत असा रिपोर्ट होता, आणि तो ‘पॉझिटिव्ह’ या एका शब्दावर वाचला गेला. ही लागण मांजरापासून झाली की दहा वर्षांपूर्वीच्या पाणीपुरीतून, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं, लिहिता येतही नाही. डॉक्टरांनी हे चार वाक्यांत सांगायला हवं होतं. बाहेर चाळीस पेशंट बसले होते. ‘काळजी घ्या, मांजर वगैरे असेल तर लांब ठेवा’ एवढंच सांगून त्यांनी पुढचा नंबर पुकारला.

आणि टॉर्चची ही यादी आपल्याकडे काय काय कामाला लावली जाते! पुन्हा पुन्हा गर्भपात होणाऱ्या बाईच्या हातात हाच पॉझिटिव्ह आयजीजी ठेवून ‘तुमच्यात इन्फेक्शन आहे’ असं सांगितलेलं मी मैत्रिणींकडून ऐकलंय. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने वारंवार गर्भपातासाठी सरसकट टॉर्च तपासणी बंद करावी असं २०११च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय. आपल्याकडे बाईत दोष शोधायला एक कागद मिळाला की तो कोणी सहजासहजी सोडत नाही.

मी बहिणीला फोनवर हे सगळं सांगितलं, मग एका दुसऱ्या डॉक्टरांकडे तिच्याबरोबर गेले. त्यांनी रिपोर्ट पाहिला, हसल्या, म्हणाल्या, ‘हे तर चांगलं आहे.’ बहीण तिथेच रडायला लागली. संध्याकाळी आम्ही दोघी आणि तिचा नवरा मंडईच्या मागे गेलो, सुक्या बोंबिलाची पुडी घेऊन. दीर नंतर आला, मोटारसायकलचा दिवा लावून त्यानेही कचराकुंडीमागे, हातगाड्यांखाली बघितलं. एका भाजीवालीने सांगितलं, इथे रोज कोणी ना कोणी एखादं सोडून जातं, कितींवर लक्ष ठेवणार. चार दिवस गेलो. मांजर सापडलं नाही.